राष्ट्रपती म्हणजे नुसता शिक्का का?



इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, दिल्ली, बंगळुरू, आणि अर्थातच महाराष्ट्र आणि गोवा, अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून तुम्ही ही व्याख्यानं ऐकता. आजचा विषय सगळ्यांनाच सारखा लागू आहे. आपल्या सगळ्यांचे मुख्यमंत्री वेगवेगळे, पण राष्ट्रपती एकच.

राष्ट्रपतींच्या अधिकारांची यादी मी आज वाचून दाखवणार नाही. ती स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही पुस्तकात मिळते. मला एका साध्या प्रश्नावर बोलायचंय. चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत तो कायम विचारला जातो. देशाचा सगळा कारभार ज्यांच्या नावानं चालतो, पण ज्यांना स्वतःहून जवळजवळ काहीच ठरवता येत नाही, असं पद ठेवायचंच कशाला? 'रबर स्टॅम्प' हा शब्द आपण किती सहज वापरतो. तर आज या शिक्क्याकडेच नीट बघू.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. तुमच्यापैकी जे हिंदी भाषक राज्यांत राहतात, त्यांच्या हे लक्षात आलं असेल. हिंदी वर्तमानपत्रात 'अमेरिका के राष्ट्रपति' असं छापलेलं असतं. मराठी वर्तमानपत्र मात्र 'अमेरिकेचे अध्यक्ष' किंवा 'राष्ट्राध्यक्ष' लिहितं, आणि 'राष्ट्रपती' हा शब्द बहुतेक वेळा आपल्या दिल्लीतल्या राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतं. इंग्रजीत दोघंही प्रेसिडेंटच. कुणी बसून हा नियम केला असेल असं नाही, वापरता वापरता तो पडला. पण तो उपयोगी आहे. अमेरिकेचा अध्यक्ष स्वतः सरकार चालवतो. देशाचा प्रमुखही तोच आणि कारभारी देखील तोच. आपल्याकडे ही दोन कामं दोन माणसांकडे दिलेली आहेत. पंतप्रधान सरकारचे प्रमुख आणि राष्ट्रपती देशाचे प्रमुख.

गंमत म्हणजे स्वातंत्र्याच्या लढ्यात 'राष्ट्रपती' म्हणजे काँग्रेसचा अध्यक्ष. तो चळवळीचा पुढारी असे. तोच शब्द राज्यघटनेनं उचलला, पण ज्या खुर्चीला दिला तिचं काम पुढारपणाचं नव्हतं. मग ते काय होतं?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत घटनेचा मसुदा मांडला, तेव्हाच त्यांनी हे स्पष्ट केलं होतं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: आपल्या राष्ट्रपतीचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे. तो राज्याचा प्रमुख आहे, पण कार्यकारी सत्तेचा नाही. तो राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतो, राष्ट्रावर राज्य करत नाही. राष्ट्रानं घेतलेले निर्णय ज्या मुद्रेनं जाहीर होतात, त्या मुद्रेसारखं त्याचं काम आहे.

म्हणजे शिक्क्याची उपमा टीकाकारांनी शोधलेली नाही. ती बाबासाहेबांचीच आहे. फक्त ते रबराच्या शिक्क्याबद्दल बोलत नव्हते, मुद्रेबद्दल बोलत होते.

मराठी माणसाला मुद्रा म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्या इतिहासात याचं फार बोलकं उदाहरण आहे. अठराव्या शतकात कारभार पुण्याला होता आणि गादी साताऱ्याला. फौजा पेशवे पाठवत, तह पेशवे करत. पण पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याहून यावी लागत. सवाई माधवरावांना ती मिळाली तेव्हा ते चाळीस दिवसांचं तान्हं मूल होते. पुण्याचे कारभारी एवढे समर्थ, मग त्यांनी साताऱ्याला विचारायचंच कशाला? कारण वस्त्रांशिवाय त्यांचा हुकूम म्हणजे एका बलवान गटाचा हुकूम ठरला असता. वस्त्रं आली की तो राज्याचा हुकूम. पेशव्यांच्या शिक्क्यातसुद्धा आधी छत्रपतींचं नाव आणि मग 'मुख्य प्रधान' म्हणून पेशव्याचं.

पण या उदाहरणाची दुसरी बाजूही बघायला हवी. साताऱ्याची गादी पुढे इतकी दुबळी झाली की वस्त्रं नाकारणं किंवा कारभाऱ्यांना जाब विचारणं तिच्या हातात उरलं नाही. आणि जी संमती कधी नाकारताच येत नाही, तिला संमती कसं म्हणायचं? आपल्या घटनेपुढेही नेमका हाच पेच होता. निवडून आलेल्या सरकारच्या डोक्यावर बसणारा राष्ट्रपती नको, आणि समोर येईल तो कागद डोळे मिटून सही करणाराही नको. या दोहोंच्या मधली जागा शोधायची होती.

ती कशी शोधली, ते थोडक्यात सांगतो. अनुच्छेद ५३ म्हणतो की केंद्राची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी आहे. सैन्यदलांचं सर्वोच्च अधिपत्यही त्यांच्याकडेच. अनुच्छेद ७४ म्हणतो की राष्ट्रपतींना साहाय्य आणि सल्ला देण्यासाठी पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असेल. हा सल्ला बंधनकारक आहे की नाही, हे मूळ घटनेत शब्दांत लिहिलेलं नव्हतं. संकेत होता, इंग्लंडची परंपरा होती. पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या मनात हा प्रश्न होता. १९६० मध्ये दिल्लीतल्या एका जाहीर भाषणात त्यांनी सुचवलं की आपला राष्ट्रपती खरंच इंग्लंडच्या राजासारखाच आहे का, याचा अभ्यास व्हावा. पुढे १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानंच वागायचं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं ते घटनेतच लिहून टाकलं.

पण या दोन सालांच्या मधलं एक साल आहे, १९७५. शिक्क्याची खरी किंमत समजून घ्यायची तर तिथं थांबायला हवं.

२५ जून १९७५ ची रात्र. पंतप्रधान इंदिरा गांधी त्या संध्याकाळी राष्ट्रपती भवनात जाऊन राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांना भेटल्या होत्या. देशांतर्गत गडबडीच्या कारणावरून आणीबाणी पुकारण्याचा मसुदा रात्री राष्ट्रपतींपुढे आला आणि त्यांनी मध्यरात्रीच्या सुमारास सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला. म्हणजे ज्यांच्या सल्ल्यानं राष्ट्रपतींनी वागायचं, त्या मंत्रिमंडळाला सल्ला दिला गेल्याचं सही झाल्यानंतर कळलं.

आता विचार करा. त्या रात्री राष्ट्रपतींनी सरकार बडतर्फ करावं अशी कुणाचीही अपेक्षा नव्हती. तो त्यांचा अधिकारच नव्हता. पण एक प्रश्न ते विचारू शकत होते. "मंत्रिमंडळाचा ठराव कुठं आहे?" एवढाच. या प्रश्नानं आणीबाणी टळली असती असा दावा मी करत नाही. बहुधा सकाळी ठराव झाला असता आणि सही करावीच लागली असती. पण काही तास गेले असते. मंत्र्यांना एकमेकांच्या तोंडाकडे बघून 'हो' म्हणावं लागलं असतं, आणि नोंद राहिली असती. तसं झालं नाही. पुढचे एकवीस महिने एक लाखाहून जास्त माणसं तुरुंगात होती आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता.

त्याच वर्षी डिसेंबरात अबू अब्राहम यांचं एक व्यंगचित्र 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये छापून आलं. राष्ट्रपती न्हाणीघरात टबमध्ये बसलेत, अर्धवट उघड्या दारातून त्यांनी वटहुकमावर सही करून दिली आहे, आणि आणखी काही वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा, असं ते म्हणताहेत. 'रबर स्टॅम्प' या शब्दाचा अर्थ ज्याला समजत नसेल, त्याला हे चित्र दाखवावं.

आणि नेमक्या त्याच डिसेंबरात महाराष्ट्रात आणखी एक 'अध्यक्ष' खुर्चीत बसला होता. कराडला मराठी साहित्य संमेलन भरलं होतं आणि अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत. संमेलनाध्यक्षाला काय अधिकार असतात, हे आपण जाणतोच. संमेलनाच्या मांडवातली एक खुर्ची इकडची तिकडे करायची तरी संयोजकांना विचारावं लागतं. निव्वळ मानाचं पद. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, तेव्हाचे केंद्रीय परराष्ट्रमंत्री, म्हणजे आणीबाणी लादणाऱ्या सरकारातलेच एक ज्येष्ठ मंत्री. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाई लेखनस्वातंत्र्यासाठी बोलल्या, आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना करावी असं त्यांनी सांगितलं. मांडव उभा राहिला. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली.

राष्ट्रपतिपद आणि संमेलनाध्यक्षपद यांची तुलना होऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. एक घटनेनं बांधलेलं, दुसरं मोकळं. राष्ट्रपतींनी सरकारविरुद्ध भाषणं ठोकावीत असंही मला सुचवायचं नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. ज्या पदाला अधिकार नसतो, त्याच्याकडे लोकांचं लक्ष मात्र असतं. ते लक्ष कशासाठी वापरायचं, हे शेवटी खुर्चीत बसलेल्या माणसाच्या विवेकावर ठरतं.

आता पुढची गोष्ट महत्त्वाची आहे, आणि शाळेच्या पुस्तकात ती एका ओळीत उरकली जाते. आणीबाणी उठल्यावर जनता सरकार आलं आणि १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली. त्या रात्रीनंतर शिक्क्याची दुरुस्ती कशी केली पाहा. अनुच्छेद ३५२ मध्ये घातलं गेलं की केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणीची उद्घोषणा करता येणार नाही. जो प्रश्न त्या रात्री विचारला गेला नाही, तो घटनेनंच कायमचा विचारून ठेवला. आणि अनुच्छेद ७४ मध्ये एक सोय केली. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपती एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. तोच सल्ला पुन्हा आला तर मात्र मानावाच लागतो.

एकदाच परत पाठवायचं. वरवर ही फार किरकोळ सोय वाटते. मला ती या पदाचा गाभा वाटते. राष्ट्रपतींना 'नाही' म्हणण्याचा अधिकार नाही, 'पुन्हा एकदा बघा' म्हणण्याचा आहे. घरातली मोठी माणसं कशी असतात? व्यवहार मुलांच्या हातात गेलेला असतो. पण घर विकायचं निघालं की आजी एवढंच विचारते, "नीट विचार केलाय ना रे?" विकायचं असेल तर मुलं विकतातच. पण त्या प्रश्नामुळे त्यांना एक रात्र जास्त विचार करावा लागतो. आपल्या राज्यव्यवस्थेतली ती एक रात्र राष्ट्रपतींकडे आहे.

या एका रात्रीचा उपयोग कसा झाला, त्याची काही उदाहरणं बघू.

पहिलं ग्यानी झैलसिंग यांचं. राष्ट्रपतिपदासाठी त्यांचं नाव आलं, तेव्हा ते इंदिरा गांधींचे अत्यंत निष्ठावान म्हणून ओळखले जात. नेत्यानं सांगितलं असतं तर झाडूही हातात घेतला असता, अशा अर्थाचं त्यांचं विधान तेव्हा खूप गाजलं होतं आणि त्याची भरपूर टिंगलही झाली होती. त्याच झैलसिंगांपुढे राजीव गांधी सरकारचं भारतीय टपाल दुरुस्ती विधेयक आलं. संसदेनं ते १९८६ मध्ये मंजूर केलं होतं. त्यात सरकारला लोकांची पत्रं अडवण्याचे फार मोघम आणि व्यापक अधिकार मिळत होते. झैलसिंगांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. घटनेनं सहीसाठी मुदत घातलेली नाही, त्याचा त्यांनी फायदा घेतला. १९८७ मध्ये त्यांचा कार्यकाळ संपला. पुढचे राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांनी १९९० मध्ये ते फेरविचारासाठी परत पाठवलं, आणि ते कधीच कायदा झालं नाही. २००२ मध्ये ते अधिकृतपणे मागे घेतलं गेलं. म्हणजे तुमची-आमची पत्रं फोडण्याचा एक कायदा केवळ थांबल्यामुळे आला नाही.

इथं एका शंकेचं उत्तर मिळतं. लोक म्हणतात, राष्ट्रपती सत्ताधारी पक्षच निवडून आणतो, मग ते सरकारला कशाला प्रश्न विचारतील? शंका रास्त आहे. म्हणून तर घटनेनं त्यांना पाच वर्षांची पक्की मुदत दिली. त्याआधी हटवायचं तर महाभियोग हवा, आणि त्यासाठी संसदेच्या प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश पाठिंबा हवा. आजवर कुणावरही तो चाललेला नाही. खुर्चीत बसवणं पक्षाच्या हातात असेल, उठवणं नाही.

दुसरं उदाहरण के. आर. नारायणन यांचं. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल सरकारनं उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस केली. तिथं भाजपचे कल्याण सिंह मुख्यमंत्री होते आणि त्यांनी विधानसभेत विश्वासमत मिळवलं होतं. नारायणन यांनी शिफारस परत पाठवली, सरकारनं ती सोडून दिली. सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयी सरकारनं बिहारमधलं राबडीदेवींचं सरकार बरखास्त करण्याची शिफारस केली. नारायणन यांनी तीही परत पाठवली. दिल्लीतली दोन वेगवेगळी सरकारं, राज्यांत दोन वेगवेगळे पक्ष, आणि राष्ट्रपतींचा प्रश्न दोन्ही वेळा तोच. पुढे फेब्रुवारी १९९९ मध्ये बिहारबद्दल पुन्हा शिफारस आली, तेव्हा त्यांनी सही केली. नियमाप्रमाणे ती करायलाच हवी होती.

तिसरं, डॉ. अब्दुल कलाम यांची दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवावी लागतात. मे २००५ मध्ये ते मॉस्कोत होते. बिहारची विधानसभा विसर्जित करण्याची शिफारस रात्री फॅक्सनं तिथं पोहोचली आणि त्यांनी सही केली. पुढे सर्वोच्च न्यायालयानं ते विसर्जन घटनाबाह्य ठरवलं. कलाम यांनी नंतर 'टर्निंग पॉइंट्स' या पुस्तकात सांगितलं की त्या वेळी त्यांनी राजीनाम्याचा विचार केला होता आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी त्यांना थांबवलं. वर्षभरानं, मे २००६ मध्ये, लाभाच्या पदांबद्दलचं विधेयक आलं. काही पदांवरच्या खासदारांचं सदस्यत्व वाचवण्यासाठी ती पदं यादीतून वगळायची होती. कलाम यांनी ते संसदेकडे परत पाठवलं. संसदेनं ते पुन्हा जसंच्या तसं मंजूर केलं आणि मग त्यांनी सही केली. विधेयक थांबलं नाही, पण त्या काही आठवड्यांत 'लाभाचं पद' म्हणजे काय, यावर देशभर चर्चा झाली. एकाच राष्ट्रपतींच्या या दोन सह्या. एक घाईत झाली, एक विचारून झाली.

राष्ट्रपतींना खरोखर स्वतःच्या बुद्धीनं ठरवावं लागतं, असेही प्रसंग येतात. लोकसभेत कुणालाच बहुमत नसलं की कुणाला बोलवायचं? तेव्हा सल्ला द्यायला मंत्रिमंडळ कुठं असतं? १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना बोलावलं, ते सरकार तेरा दिवस टिकलं. १९९८ मध्ये नारायणन यांनी आधी पाठिंब्याची पत्रं मागितली. वेंकटरामन यांनी या पदाला इमर्जन्सी लॅम्पची उपमा दिली होती. लोडशेडिंग अनुभवलेल्या माणसाला ती लगेच कळेल. वीज असते तोवर कोपऱ्यातल्या दिव्याकडे कुणी बघत नाही. वीज गेली की तो आपोआप लागतो, आणि वीज आली की आपोआप विझतो. विझणंही तितकंच महत्त्वाचं, हे लक्षात ठेवा.

आता 'प्रतीक' या शब्दाकडे येऊ. राष्ट्रपती हे प्रतीक आहेत म्हणतो, पण कुणाचं?

त्यांची निवड कशी होते त्यात याचं एक उत्तर दडलंय. संसदेचे आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मत देतात. दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या विधानसभांचेही. प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य त्याच्या राज्याच्या १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरतं. २०२२ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८ चं होतं, महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५ चं, गोव्याच्या आमदाराचं २० चं आणि सिक्कीमच्या आमदाराचं ७ चं. सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज झाली ५,४३,२३१. ती खासदारांच्या संख्येनं भागून खासदाराच्या मताचं मूल्य आलं ७००, आणि सगळ्या खासदारांची बेरीज ५,४३,२००. दोन्ही पारडी जवळजवळ तंतोतंत सारखी. हा आकड्यांचा खेळ नाही. पंतप्रधान लोकसभेच्या बहुमतावर उभे असतात. राष्ट्रपती मात्र केंद्र आणि राज्यं यांच्या समान वजनावर उभे असतात. म्हणून एखाद्या राज्याचं सरकार बरखास्त करण्याचा कागद येतो, तेव्हा तो वाचणाऱ्या माणसाला त्या राज्याच्या आमदारांनीही मत देण्याचा हक्क होता, हे विसरून चालत नाही.

दुसरं उत्तर शपथेत आहे. मंत्री संविधानावर श्रद्धा आणि निष्ठा बाळगण्याची शपथ घेतात. राष्ट्रपती सरन्यायाधीशांपुढे संविधानाचं जतन आणि संरक्षण करण्याची शपथ घेतात. एकानं नियम पाळायचे, दुसऱ्यानं ते जपायचे.

आणि तिसरं उत्तर त्या खुर्चीवर कोण बसलं यात आहे. झाकीर हुसेन, नारायणन, प्रतिभाताई पाटील, द्रौपदी मुर्मू. पहिले मुस्लीम राष्ट्रपती, पहिले दलित, पहिल्या महिला, पहिल्या आदिवासी. प्रतिभाताई महाराष्ट्रातून आलेल्या पहिल्या राष्ट्रपती. २००७ मध्ये शिवसेनेनं स्वतःची आघाडी बाजूला ठेवून मराठी व्यक्ती म्हणून त्यांना पाठिंबा दिला होता. प्रतीकाची ताकद ही अशी असते, ती पक्षाच्या भिंती ओलांडते.

यावर आक्षेप आहेच. राष्ट्रपती भवनात एक माणूस गेल्यानं त्याच्या समाजाची स्थिती बदलते का? नाही बदलत. आदिवासी राष्ट्रपती झाल्यानं गडचिरोलीतल्या किंवा मयूरभंजमधल्या पाड्यावर रस्ता पोहोचत नाही. प्रतिनिधित्व दाखवून प्रश्न झाकताही येतो, आणि तसं झालेलंही आहे. पण प्रतीक बोललं तर काय होतं, तेही बघा.

२६ नोव्हेंबर २०२२, संविधान दिन. सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात राष्ट्रपती मुर्मू लिखित भाषण बाजूला ठेवून हिंदीत बोलू लागल्या. किरकोळ गुन्ह्यांसाठी वर्षानुवर्षं तुरुंगात पडलेल्या गरिबांबद्दल त्या बोलल्या. त्यांना आपले हक्क ठाऊक नसतात, आणि सोडवायचं तर घरच्यांना भांडीकुंडी विकावी लागतील अशी अवस्था असते. आणखी तुरुंग बांधायची वेळ का यावी, असं त्यांनी समोर बसलेल्या न्यायमूर्तींना विचारलं. त्या आदेश देऊ शकत नव्हत्या. त्यांनी फक्त विषय ठेवला. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठानं, जामीन मंजूर होऊनही अटी पूर्ण न करता आल्यामुळे आत राहिलेल्या कैद्यांची माहिती तुरुंगांकडून गोळा करण्याचे निर्देश दिले. प्रश्न सुटला असं कुणी म्हणणार नाही. पण हेच वाक्य एखाद्या विरोधी खासदारानं उच्चारलं असतं तर ते राजकारण ठरलं असतं. राष्ट्रपतींनी उच्चारलं म्हणून ते देशाचं गाऱ्हाणं ठरलं.

नारायणन यांनी हे फार छोट्या कृतीतून दाखवलं. आधीचे राष्ट्रपती पदावर असताना लोकसभेच्या निवडणुकीत मतदान करत नसत, तटस्थ दिसावं म्हणून. १९९८ मध्ये नारायणन रांगेत उभे राहिले आणि मत देऊन आले. देशाचा पहिला नागरिक म्हणजे आधी नागरिक, हे सांगायला त्यांना भाषण करावं लागलं नाही. आणि प्रणव मुखर्जींनी २०१२ मध्ये 'महामहिम' हे संबोधन देशांतर्गत कार्यक्रमांतून काढायला लावलं. ३४० खोल्यांच्या वास्तूत राहणाऱ्या माणसानं ही झूल उतरवणं गरजेचंच होतं.

मग मूळ प्रश्नाला माझं उत्तर काय? होय, राष्ट्रपती शिक्का आहेत, आणि असायलाच हवेत. निवडून न आलेल्या मर्जीनं देश चालावा असं आपल्याला नको आहे. पण मुद्रा उमटवण्याआधी कागद वाचायचा असतो. घटनेनं राष्ट्रपतींना वाचण्यासाठी वेळ दिला, विचारण्याचा हक्क दिला, एकदा परत पाठवण्याची सोय दिली, आणि पाच वर्षं कुणी उठवू शकणार नाही अशी खुर्ची दिली. यापुढचं घटना देऊ शकत नाही. ते माणसाला स्वतःजवळ ठेवावं लागतं.

आणि थोडं आपल्याकडेही आहे. राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली की आपण उमेदवाराची जात, प्रांत आणि पक्ष यांची चर्चा करतो. पुढच्या वेळी आणखी एक गोष्ट विचारू. या माणसानं आयुष्यात कधी, गैरसोय होणार हे माहीत असताना, आपल्याच लोकांना 'पुन्हा एकदा बघा' असं म्हटलंय का? म्हटलं असेल तर शिक्का चांगल्या हातात आहे.

वेळ मिळाला तर घटनेतले अनुच्छेद ५२ ते ७८ जरूर वाचा. मराठी प्रत सहज मिळते आणि भाषा वाटते तितकी अवघड नाही.  भेटू पुढच्या व्याख्यानात.

नमस्कार.